संतोषने लावलेलं कुंकू

आमच्या दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यासाठी निगडे वहिनी मागे लागल्या होत्या. "पोलिसांबरोबरचे तुमचे अनुभव लिहा हो, लोक आवडीने वाचतील." मी नाही म्हटलं. चार माणसांत उभं राहून नाव सांगायचं तरी माझा घसा कोरडा पडतो, मग छापून कसं यायचं? वहिनींनी ताणलं नाही. पण घरी येऊन कुकर लावला आणि मनात आलं, छापायचं नाही ना, मग लिहून बघायला काय हरकत आहे? नात माझ्याशी मराठी बोलते, पण परवा ‘कोयरी’ म्हटलं तर विचारते, "आजी, कोयरी यानी क्या?" पुढेमागे तिला वाचावंसं वाटलं तर असू दे. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली. पण मासिक असो की पुडीचा कागद, हाती येईल ते वाचायची सवय तेव्हा लागली ती सुटली नाही, त्यामुळे हात वळतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. पोलीस ठाण्यात एखादं मराठी माणूस आलं आणि त्याला हिंदी येत नसलं, की मला फोन येतो. त्याचं म्हणणं मी पोलिसांना हिंदीत सांगायचं आणि पोलिसांचं त्याला मराठीत. कागदावर जे इंग्रजी असतं ते साहेब लोक आधी मला हिंदीत समजावतात, मग मी पुढे मराठीत समजावते. म्हणजे दोन घाट उतरून पाणी खाली येतं. पगाराची नोकरी नाही ही. माझं पोट डब्यांवर आणि दोन घरच्या स्वयंपाकावर चालतं. फोन आला की गॅस बंद करून जायचं, एवढंच.

लोक म्हणतात, दिल्लीत येणाऱ्याला हिंदी येत नाही असं कसं? येत असते, पण सिनेमापुरती. गाणं म्हणायला ती पुरते. ठाण्यात बसल्यावर माणूस घाबरतो, आणि घाबरायचं ते आपल्या आईच्याच भाषेत घाबरतो. मुलगा सरकारी नोकरीत म्हणून त्याच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या म्हाताऱ्या आया, परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या मेसवर गावाकडून आणलेले स्वयंपाकी, यात्रेकरू, नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली. सगळ्यांचं तेच. पोलिसांनी "हाँ जी, बोलिए" म्हटलं की यांची टाळूच चिकटते. मला ते समजतं, कारण माझीही चिकटते. हिंदी मी भाजीवाल्यांकडून शिकले. त्यामुळे सुरुवातीला ठाण्यातही मी भाव केल्यासारखी बोलत असे.

यात पडले ती योगायोगाने. आमचे हे एका केंद्र सरकारी कार्यालयात शिपाई होते. ते गेल्यावर मी एका सोसायटीत स्वयंपाकाचं काम धरलं, आणि सोसायटीवाल्यांना पोलीस व्हेरिफिकेशन पाहिजे होतं. त्यासाठी ठाण्यात गेले. बाकावर एक बाबा बसले होते. धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. समोर एक जाडजूड हवालदार हात नाचवत होता, "बाबाजी, पता! पता बताओ, पता!" आणि बाबा प्रत्येक वेळी न चुकता आपल्या गावाचं नाव, पोस्ट, तालुका आणि जिल्हा सांगत होते. हवालदाराला दिल्लीतला उतरायचा पत्ता पाहिजे होता. बाबांना वाटत होतं, एवढा नीट सांगतोय तरी याला कळत कसं नाही? शेजारी बशीत समोसा. तो हवालदाराने स्वतः आणला होता आणि बाबा त्याला हात लावत नव्हते, म्हणून तो जास्तच दुखावलेला. "हमारा समोसा भी नहीं चलता इनको!"

मला बोलायचं धाडस होईना. दारापर्यंत गेले, परत फिरले. शेवटी हवालदाराशी न बोलता बाबांशीच बोलले. म्हटलं, "बाबा, जेवलात का?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांच्या अंगणात मी उभी आहे. म्हणाले, "आज संकष्टी आहे ना, पोरी. चंद्र दिसल्याबिगर कसं खायचं?"

मी ते हवालदाराला सांगितलं. त्याचा राग एकदम उतरला. बाबा हरिद्वारहून परतताना आपल्या मंडळींपासून चुकले होते, आणि मंडळींच्या पुढाऱ्याचा मोबाइल नंबर त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. फोन झाला, पुढारी घ्यायला निघाला. तोवर अंधारून आलं होतं आणि हवालदार जिन्याने गच्चीवर जाऊन चंद्र शोधत होता. दिल्लीच्या त्या धुरक्यात चंद्र सापडणं सोपं नाही. शेवटी वरून त्याची आरोळी आली, "दिख गया बाबाजी! दिख गया!" बाबांनी वर जाऊन हात जोडले, खाली येऊन तो गारढोण समोसा खाल्ला, आणि हवालदाराच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी माझा फोन नंबर ठाण्यात लिहिला गेला. तेव्हापासून मी तिथे ‘मराठी आंटी’.

तिथे एक वयस्क फौजदार होते, आता निवृत्त होऊन गावी गेले. त्यांनी मला काम शिकवलं. म्हणाले, "आंटीजी, आप नल हो. पानी जैसा आए, वैसा जाए. न चीनी मिलाना, न नमक." मी ते धरून ठेवलं. समोरचा शिवी देत असेल तर शिवीही सांगायची, मान खाली घालून का होईना. आणि ‘हा म्हणतो की’ असं म्हणत बसायचं नाही. तो जसा ‘मी’ म्हणेल तसं आपणही ‘मी’च म्हणायचं. याने एकदा पंचाईत झाली. मेसच्या एका स्वयंपाक्याने कुणाचा तरी फोन उचलला होता आणि शेवटी त्याने कबूल केलं. मी प्रामाणिकपणे म्हटलं, "हाँ, फोन मैंने उठाया था. तकिये के नीचे छुपाया." नवीन आलेले एक साहेब खुर्चीतून उठलेच. स्वयंपाकी माझ्याकडे बघून म्हणतो, "काकू, तुम्हाला पण धरतील."

आणखी एक गोष्ट मी बघून बघून शिकले. घरच्या माणसाला नळ करू नये. मुलगा आईचं सांगतो, नवरा बायकोचं सांगतो, आणि सांगता सांगता आपल्याला नको तेवढं गाळतो. काही जण वाईट मनाने गाळतात, काही लाजेने. पण पलीकडे पोचतं ते निवडलेलंच. कोमलच्या वेळी हे मला सगळ्यात जास्त दिसलं. तिचं खरं नाव लिहीत नाही. ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले, ती हीच.

त्या आधी संतोषबद्दल सांगायला पाहिजे. ठाण्यातून फोन आला होता, "आंटी, महिला डेस्क पर संतोष से मिल लेना." मी तिथे जाऊन पुरुष शोधत राहिले. मिशीवाल्या दोघांना विचारून झालं. शेवटी खुर्चीवर पाय हलवत बसलेली एक उंच, दणकट बाई म्हणाली, "आंटी, मैं ही सूं संतोष. थारे में आदमी का नाम होवे है के?" हरियाणात बायकांचंही नाव संतोष असतं हे मला दिल्लीत इतकी वर्षं काढूनही माहीत नव्हतं. हेड कॉन्स्टेबल. आवाज असा की हळू बोलली तरी रस्त्यावर ऐकू जाईल. मी जितकी गप्प, तितकी ती बोलकी. आमचं जमलं.

हिवाळा होता. एका बिल्डिंगमधून शेजारणीने पोलिसांना फोन केला की वरच्या मजल्यावर एक मुलगी रडते, दार आतून वाजवते. संतोष मला घेऊन गेली. दार उघडलं ते नवऱ्याने. गोरागोमटा, गुरुग्रामला कुठल्याशा कंपनीत कामाला, बोलणं अगदी गोड. "अरे, मावशी! आपल्याकडच्या का? बरं वाटलं. पण तुम्ही कशाला त्रास घेतलात? हिला हिंदी येत नाही, मी सांगतो ना." मागे ओढणी लपेटून कोमल उभी. वीस-बावीसची असेल. चांगलं लिहिता-वाचता येणारी मुलगी, बारावी झालेली, पण आवाज हरवल्यासारखी.

संतोषने त्याला बाहेर जायला सांगितलं. तो हसत गेला. दोन खोल्यांचं घर ते. दाराखालच्या फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या. आणि इथे खरी अडचण होती. एरवी बायको आपल्या भाषेत मोकळी बोलली तरी आजूबाजूला माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. इथे दाराबाहेरच्या माणसाला आमचा शब्दन् शब्द कळणार होता. मी विचारलं, "काय झालं होतं, बाळा?" तिने फटीकडे बघितलं. "काही नाही. पातेलं पडलं." "रडलीस कशाला?" "पायावर पडलं."

मी संतोषला सांगितलं, "बर्तन गिरा. पैर पर गिरा." तिच्या पायाला काही झालेलं नव्हतं. मनगट मात्र बाहीत ओढून घेतलं होतं.

जिना उतरताना संतोष म्हणाली, "आंटी, तुझे के लगा?"

मी म्हटलं, "लगने का मैं नहीं बोलती. उसने जो बोला, वो बोला."

"वो तो मैंने सुण लिया. इब तू बोल."

दोन पायऱ्या उतरले. मग म्हटलं, "पैर ठीक था."

संतोषने तिला दोनदा ठाण्यावर बोलावून बघितलं. दोन्ही वेळा तो बरोबर आला, दोन्ही वेळा बाहेर बसला, आणि गणवेश बघून ती आणखीच मिटली. नंतर कळलं की त्याने तिला सांगून ठेवलं होतं, पोलीस बाईला आत ठेवतात, मग तिचं कुणी नसतं. मुलगी स्वतः बोलल्याशिवाय पुढे काही करता येईना. संतोष चिडचिड करत होती. एके दिवशी डब्याला पोळ्या लाटत होते तिथेच येऊन बसली, "अच्छा यो बता. थारे लोगों में ऐसी कौन सी जगह है जहाँ औरत अकेली जावे, और आदमी ना भी न कर सके, साथ भी न आ सके?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हळदीकुंकू."

संक्रांत झाली होती, रथसप्तमी यायची होती. या दिवसांत आमच्याकडे घरोघर हळदीकुंकू असतं. सवाष्णींना बोलावतात, हळद-कुंकू लावतात, तिळगूळ देतात, आणि वाण म्हणून काहीतरी छोटी वस्तू. नवऱ्याच्या आयुष्यासाठीच सगळं, त्यामुळे कुठला नवरा बायकोला जाऊ नको म्हणणार? आणि तिथे पुरुषाला काम नाही. मी हे सांगत गेले तशी संतोष उठून उभीच राहिली. "तो बुला ले अपने घर!"

"मैं नहीं बुला सकती," मी म्हटलं. "मैं विधवा हूँ. विधवा का नहीं होता."

तिने माझ्याकडे बघितलं. खरं तर हे गेल्यापासून मंडळाच्या हळदीकुंकवाला मी दर वर्षी जात होतेच. पण स्वयंपाकघरातून. तिळाचे लाडू माझ्या हातचे लागायचे सगळ्यांना. लाडू झाले की मी मागच्या मागे घरी. कुणी मला जा म्हटलं नव्हतं. तसं म्हणावं लागतच नाही.

मी निगडे वहिनींकडे गेले. त्यांचे मिस्टर मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर, घर मोठ्या सोसायटीत. मला वाटलं होतं, वहिनी पोलीस म्हटल्यावर कानावर हात ठेवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती बायका बोलवू?" त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी स्वतः त्या नवऱ्याला फोन केला. ‘आमच्या साहेबांना तुमच्यासारख्या तरुण मुलांचं कौतुक आहे’ वगैरे पेरलं, आणि मग म्हणाल्या, "सूनबाईला पाठवा हं, पहिलीच संक्रांत ना दिल्लीतली?" तो विरघळला. साहेबांची ओळख कुणाला नको असते?

संतोषला साडी मी नेसवली, माझी जुनी काळी. संक्रांतीला काळी नेसतात म्हटल्यावर ती म्हणते, "त्योहार में काला? थारे लोग सच में अलग सो." उंचीला पुरेना म्हणून निऱ्या कमी घेतल्या. चालायला लागली तर परेडच. म्हटलं, "संतोष, पाय जवळ टाक, आणि आज दबून बोल." तिने दबून ‘हाँ’ म्हटलं, शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

कोमल आली. नवरा खाली फाटकापर्यंत आला होता, त्याला वरही यायचं होतं. सोसायटीच्या गार्डने अडवलं, "सिर्फ लेडीज़ का फंक्शन है भाईसाहब." तो खाली मोटरसायकलवर बसून राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकली. बायका बोलत होत्या, अत्तर लावत होत्या, ती मान वर करत नव्हती.

निम्म्या बायकांना आतली गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी संतोषला वहिनींची शेजारीण समजून पकडलं, "नाव घ्या! नाव घ्या!" म्हणजे नवऱ्याचं नाव गुंफून उखाणा घ्या. संतोषला समजावलं. तिने छताकडे बघितलं आणि दबून बोलायचं विसरून गर्जली,

"गोभी का फूल, मटर के दाणे,
राजबीर मेरी एक ना माने!"

हसून हसून बायका लोळायच्या राहिल्या. कोमलच्या ओठांच्या कडा हलल्या. मी बघितलं ते.

मग हळदीकुंकू सुरू झालं. वहिनींनी सगळ्यांना लावलं. एकीने लावलं की दुसरीनेही तिला लावायचं, हे संतोषला मघाशी कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिने ते अगदी ड्युटी म्हणून मनावर घेतलं. कोयरी हातात घेऊन ती एकेकीला लावत सुटली. त्याच वेळी लाडवांचं ताट घेऊन मी बाहेर आले. ताटामुळे दोन्ही हात गुंतलेले. संतोष समोर आली, म्हणाली, "आंटी रह गई!" आणि माझ्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध, हळद आणि कुंकू टेकवून मोकळी झाली.

कुणाच्या तरी हातातली गुलाबदाणी खाली ठेवल्याचं तेवढं ऐकू आलं. वहिनींचा हात अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. संतोष सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली, "के होया? मैंने कुछ गलत कर दिया?" तिला मी सांगितलं होतं की विधवेने हळदीकुंकू करायचं नसतं. विधवेला लावायचंही नसतं, हे सांगायचं राहिलं होतं. आणि तिला कळत होतं की ती ज्या कामाला आली होती, ते आता बिघडलं.

मी ताट टिपॉयवर ठेवलं. इतक्या जणींच्या नजरा एकदम माझ्यावर कधी पडल्या नव्हत्या. जमीन दुभंगली असती तर बरं, असं झालं. पदराचं टोक धरून कपाळाकडे नेलं.

कुणीतरी माझं मनगट धरलं. कोमल होती. कोपऱ्यातून कधी उठली कळलं नाही.

"पुसू नका," ती म्हणाली. "मावशी, पुसू नका ना. माझ्या आईला पण कुणी लावत नाही. मी लावते तर ती पण अशीच पुसते."

आणि ती रडायला लागली. पातेलं पडल्यावर रडतात तसं नाही. "मला आईकडे जायचंय," म्हणाली. "मला आईशी बोलू देत नाही तो."

वहिनी भानावर आल्या. "चला चला, लाडू घ्या, वाण घ्या," करत त्यांनी बायकांना दुसऱ्या टोकाला नेलं. मी कोमलला आतल्या खोलीत नेलं, मागून संतोष आली. तिचा चेहरा जवळून बघितल्यावर मुलगी दचकली, ओळखलं तिने. मी दार लावायच्या आधी म्हटलं, "हो, ती पोलीस आहे. तुला एकटीला भेटता यावं म्हणून हे सगळं केलं. तू आम्हाला काही सांगितलं नाहीस तरी चालेल. लाडू खा, वाण घे, खाली जा. तुला कोणी धरून ठेवणार नाही. आणि पोलीस बाईला आत ठेवतात असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे."

तिने विचारलं, "तुम्ही इथेच थांबाल?"

"मी इथेच आहे."

ती बोलली. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. फोन काढून घेतला. भाजीत मीठ जास्त झालं की हात पिरगाळतो. आई रोज फोन करते, तर तिला सांगतो, झोपलीय, बाहेर गेलीय, तिला तुमच्याशी बोलायचं नाही. मी एकेक वाक्य संतोषला देत गेले. "मुझे बाहर से ताला लगाकर जाता है. मेरा हाथ मरोड़ता है. मेरी माँ को कहता है, मैं उससे बात नहीं करना चाहती." माझ्या कपाळावर कुंकू ओलं होतं आणि मी ‘मुझे, मेरी’ म्हणत होते. साखर घातली नाही, मीठ घातलं नाही. फक्त मधे एकदा थांबावं लागलं. संतोषने पाण्याचा पेला कोमलला दिला, मग मला दिला.

आईचा नंबर तिला पाठ होता. विसरू नये म्हणून रोज मनात म्हणायची, म्हणाली. वहिनींच्या फोनवरून लावला. पलीकडून "कोण?" आलं, आणि मग दोघीही काही बोलेनात, नुसतं एकमेकींचं ऐकत बसल्या. ते हिंदीत सांगायची गरज पडली नाही. संतोष खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मग ती साडी तशीच खोचून खाली गेली. फाटकाशी मोटरसायकलवर बसलेल्या त्या गोड बोलणाऱ्याला तिने काय म्हटलं ते मला वरून ऐकू आलं नाही, म्हणजे या वेळी ती खरंच हळू बोलली असणार. तो एकटाच गेला. कोमल आई येईपर्यंत वहिनींच्या घरी राहिली. तिची तक्रार तिच्याच शब्दांत लिहून झाली, आणि लिहिलेलं मी तिला मराठीत पुन्हा ऐकवलं, तेव्हा तिने सही केली. आई मामाला घेऊन आली, लेकीला घेऊन गेली. आता कोमल तालुक्याला एका दवाखान्यात कामाला आहे. कोर्टाच्या तारखा चालूच आहेत. ते लवकर संपणारं काम नव्हे.

सगळ्याच कोमल नसतात हेही लिहायला पाहिजे. नंतर एक अशीच आली होती. तिने शेवटपर्यंत ‘काही नाही’ म्हटलं आणि नवऱ्याच्या मागे चालत निघून गेली. मी तेच सांगितलं, "कुछ नहीं." नळात पाणीच आलं नाही तर नळ काय करणार? पण अजून ती दिसते कधी भाजीबाजारात. मी तिला माझं दार दाखवून ठेवलं आहे.

आणि मंडळाचं म्हणाल, तर त्या संक्रांतीवरून थोडं बोलणं झालं. दोघी जणींनी वहिनींकडे येणं सोडलं. पण पुढच्या वर्षी वहिनी स्वतः कोयरी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. लाडू वळता वळता मी म्हटलं, "वहिनी, हात तिळाचे आहेत माझे." त्या म्हणाल्या, "तुमच्या हातांचं काय काम? कपाळ पुढे करा." आणि त्यांनी लावलं.

उभ्या जन्मात मी कुणाला मोठ्याने हाक मारली नाही. पण घाबरलेली माणसं माझ्याकडे तोंड करून बोलली आणि त्यांचं पलीकडे पोचलं, हे देवाने माझ्या पदरात टाकलं. चौथी शिकलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

संतोषची बदली नजफगढकडे झाली. तरी संक्रांतीच्या दिवशी ड्युटी संपवून ती माझ्याकडे येते, गणवेशातच. लाडू आधी खाते, कुंकू मग लावते, आणि दर वेळी ते जरा वाकडं लागतं. त्या आधी दुपारी कोमलचा फोन येतो. दर वर्षी तेच विचारते.

"मावशी, आईला लावलं मी. यंदाही नाही पुसलं तिने. तुम्हाला लावलं का कुणी?"

मी म्हणते, "थांब गं, संतोष यायचीय अजून."